बगळे बंधूंची सुधारित लेन्स

मुलांनो, एका जंगलात एक डोह होता. कुठल्या जंगलात ते विचारू नका. नाव घेतलं की तिथले लोक काठ्या घेऊन येतात आणि म्हणतात, आमच्याकडे असं काही घडलंच नाही. म्हणजे समजायचं, घडलंय.

उन्हाळ्यात त्या जंगलात पाण्याची ओढ असे. म्हणून होळीच्या सुमारास मोजदाद व्हायची. डोहाच्या काठच्या ओल्या चिखलात ज्यानं त्यानं आपलं पाऊल उमटवायचं. पाऊल उमटलं की उन्हाळाभर डोहाचं पाणी प्यायला मोकळा. ज्याचं पाऊल नाही, त्यानं दोन टेकड्या ओलांडून दगडी नाल्यावर जायचं. पण पाऊल सगळ्यांनाच असतं. त्यामुळे नाल्यावर कुणी जात नसे.

सापाचं काय, असं मागून कुणीतरी विचारतंय. साप पोटानं सही करायचा. गप बस आता.

मग एका वर्षी वाघमहाराज शेजारच्या जंगलात लग्नाला गेले. तिथं त्यांनी कॅमेरा पाहिला. परत आले ते नाक वर करूनच.

"चिखलात पाय काय घालता?" महाराज म्हणाले. "अडाणी कुठले. यापुढे फोटो. सगळ्यांचा मिळून एक. फोटोत ज्याचं तोंड स्पष्ट दिसेल त्याला डोहाचं पाणी. ज्याचं दिसणार नाही, तो नाल्यावर."

सगळ्यांनी मान हलवली. वाघ बोलला की मान हलवायची असते. जो हलवत नाही, त्याची मान नंतर सापडत नाही.

फोटो काढायचं काम रंगराव तरसाकडे आलं. तरस जन्मभर हसतच असतो. तेव्हा लोकांना 'हसा' म्हणायला हाच बरा, असं ठरलं. कॅमेरा आला. पण त्याला लेन्स साधीसुधी चालणार नव्हती. महाराजांचा एकेक पट्टा वेगळा दिसायला हवा होता. म्हणून लेन्स मागवली बगळे बंधूंची.

बगळे बंधू म्हणजे या धंद्यातलं मोठं नाव. डोंगरापलीकडच्या तळ्यात त्यांचा कारखाना. सगळे कारागीर पांढरेशुभ्र, एका पायावर उभे, डोळे अर्धे मिटलेले. बघणाऱ्याला वाटावं, काच घासत नाहीत, जप करतायत. त्यांची लेन्स नऊ जंगलांत जायची. किंमत अशी, की ती ऐकल्यावर माणूस लेन्सला नावं ठेवायची हिंमत करत नाही.

बगळ्यांच्या तपासणीची एक रीत होती. लेन्स तयार झाली की थोरले बगळे ती डोळ्याला लावत. समोर एक मासा धरलेला असे. बरोबर मधोमध. माशाचं खवलं न् खवलं दिसलं की थोरले म्हणत, "पास." आणि मासा गिळत.

कडेला काय दिसतं? ते कुणी कधी पाहिलं नव्हतं. आता समोर मासा असताना बगळा कडेला बघेल का? तुमच्यापुढे जिलबी ठेवली तर तुम्ही भिंतीकडे बघता का?

फोटोचा दिवस उजाडला. महाराज मधल्या खडकावर बसले. त्यांच्या दोन्ही अंगांना मानाप्रमाणे मंडळी. रेडे, सांबरं, रानडुकरं असं करत करत रांग एका टोकाला जांभळीच्या झाडापर्यंत गेली आणि दुसऱ्या टोकाला वारुळापर्यंत. वारुळाजवळ अस्वलं होती. जांभळीखाली, अगदी शेवटी, ठकूमावशी सायाळ आणि तिची चार नातवंडं.

ठकूमावशीचा मान शेवटचा असला तरी तिच्यावाचून जंगलाचं चालत नसे. जंगलात ज्याला लिहायचं असेल तो तिचा काटा मागून न्यायचा. परत कुणी देत नसे. तीही मागत नसे. काटे काय, पुन्हा येतात.

"हसा," रंगराव म्हणाला आणि स्वतःच आधी हसला. खटका पडला.

दुसऱ्या दिवशी फोटो पळसाला टांगला. वही घेऊन कारकून आला. कारकून म्हणजे खवल्या मांजर. त्याचं एक वैशिष्ट्य होतं. अवघड प्रश्न विचारला की तो डोकं पोटात घालायचा आणि गोळा होऊन बसायचा. आत कितीही हाका मारा. या एकाच गुणावर त्याला नोकरी लागली होती.

खवल्या वाचत गेला. "वाघमहाराज, स्पष्ट. पट्टे सतरा, स्पष्ट. रेडे, स्पष्ट. अस्वलं, स्पष्ट." मग तो जांभळीकडच्या कडेला आला आणि डोळे बारीक केले. तिथं सगळं धुरकट होतं. कुणीतरी ओल्या बोटानं पुसावं तसं.

"सायाळ. एक मोठी, चार लहान. दिसत नाहीत," खवल्यानं सांगितलं. "नाल्यावर." आणि त्यानं वहीत फुली मारली. काटा ठकूमावशीचाच होता.

ठकूमावशी रंगरावाकडे गेली. "रंग्या, हे काय?"

"तू हललीस, मावशी."

"मी श्वास घेतला नव्हता."

"मग काटे हलले असतील."

"आणि जांभळीचं खोड? तेही धुरकट आलंय. ते कुठं निघालं होतं?"

रंगराव हसायचा थांबला. तरस हसायचा थांबला की समजावं, त्याला सगळं कळलंय. "मावशी," तो हळूच म्हणाला, "लेन्स बगळे बंधूंची आहे."

"मग?"

"मग काही नाही. एवढ्या भारी लेन्समध्ये खोट आहे असं मी म्हटलं, तर लोक म्हणतील रंग्याला फोटो काढता येत नाही."

खरं होतं ते. साधी लेन्स असती तर त्यानं तिला शिव्या दिल्या असत्या.

मग सायाळ मंडळी निघाली नाल्यावर. रोज दोन टेकड्या जायचं, दोन टेकड्या यायचं. चालताना काट्यांचा खुळखुळ आवाज. चैत्रात दगड तव्यासारखे तापले. धाकटी नात, पिटी तिचं नाव, एका दुपारी वाटेतच बसली ती उठेना. ठकूमावशीनं तिला पाठीवर घेतलं असतं, पण सायाळीच्या पाठीवर कोण बसणार? शेवटी तिनं पिटीला तोंडानं ढकलत ढकलत नाल्यापर्यंत नेलं. पिटी वाचली. पण त्या दिवसापासून ठकूमावशीचं जेवण बेचव झालं. पुढच्या उन्हाळ्यात ही पोर नाल्यापर्यंत पोचायची नाही, हे तिला कळलं होतं.

मावशीनं एक चांगला लांबसा काटा उपटला आणि बगळे बंधूंना तक्रार लिहिली. रंगरावाकडून लेन्स मागून घेतली आणि तीही सोबत पाठवली.

आठ महिने गेले. लेन्स परत आली. नव्या पेटीत, मऊ फडक्यात गुंडाळून. सोबत चिठ्ठी. 'लेन्स तपासली. मर्यादेत आहे. सायाळ हा प्राणी मुळातच धुरकट असतो, तरी ग्राहकानं स्वतःची तपासणी करून घ्यावी. फडकं भेट म्हणून ठेवावं.'

"कुणाच्या मर्यादेत?" ठकूमावशीनं खवल्याला विचारलं.

खवल्या गोळा झाला.

पण तक्रार अगदीच वाया गेली नव्हती. इतर जंगलांतूनही कडेच्या मंडळींची पत्रं आली होती. कुठं घोरपडी पुसल्या गेल्या, कुठं ससे. तेव्हा होळीच्या आधी बगळ्यांनी दवंडी पिटवली, की सुधारित आवृत्ती तयार आहे. पहिली आवृत्ती निर्दोष होती, ही जास्त निर्दोष आहे. जुनी आणा, वर थोडे मासे घाला, नवी न्या. नव्या लेन्सला तोंडाशी एक लाल रेघ होती. लाल रेघ बघून महाराजांनी ताबडतोब होकार दिला.

ठकूमावशी आता शहाणी झाली होती. तिनं ठरवलं, जांभळीकडची कडा नको. ती अस्वलांकडे गेली.

"अहो भाऊ, जागा बदलता का? जांभळीखाली सावली आहे."

"जांभळं आहेत का?" अस्वलानं विचारलं.

"आत्ता नाहीत. येतील."

अस्वलं लगेच उठली. खाण्याच्या आशेवर अस्वल कुठंही जाऊन बसतं. तुमच्यातही आहेत तसे दोघंतिघं, मला दिसतायत. तर अस्वलं जांभळीखाली गेली आणि सायाळ मंडळी वारुळापाशी उभी राहिली. मावशीनं पिटीला सगळ्यांच्या पुढं उभं केलं. तोंड वर करायला लावलं.

खटका पडला.

आता बगळ्यांनी काय केलं होतं, ते ऐका. आतली काच जांभळीच्या अंगाला कलली होती. त्यांनी ती तिकडून रेटली. जरा जास्तच रेटली. ती गेली वारुळाच्या अंगाला. मग पुन्हा मधोमध मासा धरला, पास केली, मासा गिळला.

फोटो पळसाला लागला. जांभळीची साल न् साल मोजून घ्यावी अशी. अस्वलांच्या नाकावरची माशीसुद्धा स्पष्ट. माशीलाही डोहाचं पाणी मिळालं. आणि वारुळाकडं पाच धुरकट ठिपके.

"सायाळ. एक मोठी, चार लहान," खवल्यानं वाचलं. "यंदाही दिसत नाहीत. नाल्यावर."

सगळं जंगल हसलं. रंगराव मात्र हसला नाही. खवल्या म्हणाला, "मावशी, बगळे म्हणाले तेच खरं दिसतंय. तुमच्यातच काहीतरी आहे. दोन लेन्सा, दोन जागा, धुरकट तुम्हीच."

पुरावाच तसा होता.

मावशी तक्रार लिहायला बसली नाही. लिहून आठ महिने जातात आणि फडकं मिळतं. एक फडकं तिच्याकडे होतं. ती रंगरावाकडे गेली.

"रंग्या, या फोटोला हरकत घेता येते का?"

"महाराजांनी घेतली तर येते. मग दुसरा काढायचा, आठवड्याच्या आत."

"बरं," मावशी म्हणाली.

आणि ती गेली थेट महाराजांकडे. महाराज फोटोतलं स्वतःचं रूप बघत पडले होते. पट्टे सतरा, सगळे स्पष्ट.

"फोटो छान आलाय, महाराज," ठकूमावशी म्हणाली.

"आलाच पाहिजे."

"पोटसुद्धा किती स्पष्ट आलंय."

महाराजांनी मान वर केली. "कुठाय पोट?"

"नाही, म्हणजे पोट तुम्हाला नाहीच. मधे बसल्यामुळं दिसतं ते. मधे बसलं की सगळा भार पुढं येतो. कडेला उभं राहिलेल्याचं पोट दिसत नाही. आमचंच बघा ना, दोन वर्षांत कुणाला दिसलंय का?"

हे मात्र खरं होतं. महाराजांनी फोटो जवळून पाहिला, मग लांबून पाहिला. मग श्वास आत ओढून पाहिला. मुलांनो, वाघ बंदुकीला भीत नाही, वणव्याला भीत नाही. पण पोटाचा विषय काढला की तोही तुमच्या वडिलांसारखाच.

संध्याकाळी हुकूम निघाला. फोटो पुन्हा काढायचा. आणि यंदा महाराज वारुळाच्या बाजूला, अगदी कडेला उभे राहतील.

राजा कडेला गेला तशी सगळी रांग सरकली. सायाळ मंडळी कुठं उभी राहिली असतील? मधल्या खडकाच्या पुढं जरा जागा होती, तिथं. रंगरावानं लेन्समधून बघितलं. मग मावशीकडे बघितलं. त्याला सगळं दिसत होतं. पण तो "हसा" एवढंच म्हणाला, आणि त्या दिवशी असा हसला, की त्याला कॅमेरा धरवेना.

फोटो पळसाला लागला. खवल्या वाचायला लागला. "सायाळ, एक मोठी, चार लहान. स्पष्ट. डोह." पिटीनं आजीचा काटा ओढला. खवल्या पुढं सरकला. सांबरं, रेडे, रानडुकरं करत वारुळापाशी आला. तिथं एक पिवळा डाग होता. हळदीचा डबा सांडावा तसा.

खवल्यानं डोळे चोळले. पण हुकूम महाराजांचाच होता, आणि कारकून हुकूम वाचतो, तोंड वाचत नाही. "वाघ," तो म्हणाला. "दिसत नाही. नाल्यावर."

महाराज पुढं आले.

"तो मी आहे," महाराज म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात, महाराज."

एवढं बोलल्यावर आपण काय बोललो ते खवल्याच्या ध्यानात आलं आणि तो असा गोळा झाला, की पुढं तीन दिवस त्याला लोळवतच न्यावं लागलं.

महाराजांना स्वतःचा नियम मोडता येईना. मोडला असता, तर नियमातच खोट होती असं झालं असतं. ते नाल्यावर गेले. दोन टेकड्या जायचं, दोन टेकड्या यायचं. एकच दिवस. परत आले ते पंजे वर धरून. आणि म्हणाले, "बगळ्यांना बोलवा."

ज्यांना चिठ्ठी लिहायला आठ महिने लागतात, ते बगळे दुपारच्या आत हजर झाले. थोरले बगळे पळसासमोर एका पायावर उभे राहिले. फोटो बघितला. पहिल्यांदाच त्यांनी कडेला बघितलं, कारण या वेळचा मासा, म्हणजे वाघ, तिथं होता.

आता त्यांची पंचाईत बघा. लेन्समध्ये खोट आहे म्हणावं, तर नऊ जंगलांतले लोक पेट्या घेऊन दारात. वाघ मुळातच धुरकट असतो म्हणावं, तर आज आपली मान कुठाय हे उद्या शोधावं लागणार.

थोरल्यांनी पाय बदलला. पुन्हा बदलला. ठकूमावशी जवळच होती. तिनं ते जुनं मऊ फडकं पुढं केलं. "घ्या. घाम पुसा."

थोरल्यांनी घाम पुसला आणि त्यांना सुचलं.

"महाराज," ते म्हणाले, "हे धुरकट नाही. हे तेज आहे."

"तेज?"

"जे मुळात सामान्य, ते स्पष्ट दिसतं. रेडा स्पष्ट दिसतो. माशी स्पष्ट दिसते. पण तेज कुठल्या काचेत मावतं? आमची लेन्स ते ओळखते आणि नम्रपणे बाजूला होते. म्हणून तर तिची एवढी किंमत."

महाराजांनी फोटो पुन्हा पाहिला. पोट तर दिसतच नव्हतं. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले.

त्याच क्षणी नियम बदलला. ज्याच्यात तेज असेल, त्याला डोहाचं पाणी. जे नुसतेच स्पष्ट आहेत, ते नाल्यावर.

मग रंगराव हात जोडून पुढं आला. "महाराज, एक शंका. मागच्या वर्षी आणि यंदाच्या पहिल्या फोटोत सायाळ मंडळी अशीच आली होती. अगदी अशीच. फोटो आहेत."

महाराजांनी दोन्ही जुने फोटो मागवले. थोरल्या बगळ्यांकडे पाहिलं. थोरले बगळे वर आकाशाकडे बघत होते.

"आमच्या घराण्यात ते आधीपासूनच आहे," ठकूमावशी नम्रपणे म्हणाली. "आम्ही कधी बोलून दाखवलं नाही."

झालं. सायाळ मंडळींना डोहाचा पहिला काठ मिळाला, महाराजांच्या शेजारी. पिटी त्या दिवशी एवढं पाणी प्यायली, की पोट टम्म झालं. रेडे, सांबरं, अस्वलं सगळी नाल्यावर निघाली. जाता जाता अस्वल ठकूमावशीला म्हणालं, "मावशी, दोन टेकड्या फार होतात हो."

"मर्यादेत आहे," मावशी म्हणाली आणि पाणी प्यायली.

तुम्हाला वाटलं असेल, मावशी आता सगळ्यांना पाणी मिळवून देईल. तशा गोष्टी तुमच्या पुस्तकात असतात. एक उन्हाळा नाल्यावर जाऊन या, मग सांगा.

पुढच्या वर्षी बगळे बंधूंनी तिसरी आवृत्ती काढली. 'तेज आवृत्ती.' हिच्यात जांभळीकडची कडाही धुरकट, वारुळाकडचीही. किंमत दुप्पट. आणि जिच्याबद्दल ठकूमावशीनं तक्रार केली होती ती पहिली लेन्स, ती आता मिळेना. मिळाली तर लोक तळीच्या तळी द्यायला तयार. रंगराव सांगत सुटला, की आपल्याला पहिल्याच दिवशी तिचा गुण कळला होता.

आणि फोटोच्या दिवशी काय गर्दी म्हणता. अर्धं जंगल जांभळीखाली, अर्धं वारुळावर. रेडे एकमेकांना शिंगं मारतायत. सांबरं झाडाच्या मागं उभी. अस्वलं तर इतकी कडेला सरकली, की फोटोबाहेरच गेली. मधला खडक मोकळा. तिथं कुणीच नाही.

एवढी कसली गडबड आहे, ते बघायला डोहातला एक बेडूक बाहेर आला आणि खडकावर बसला.

खटका पडला.

फोटोत दोन्ही कडांना धुकंच धुकं. त्यात कोण कुठला, काही कळेना. खवल्यानं सगळ्यांच्या नावापुढं लिहिलं, 'तेज.' आणि बरोबर मधोमध एक बेडूक. त्याच्या पाठीवरचा एकेक फोड स्पष्ट.

खवल्या वही घेऊन डोहाच्या काठी गेला. "अरे ए. तू दिसतोस."

"हो," बेडूक म्हणाला.

"स्पष्ट दिसतोस. म्हणजे तुला डोहाचं पाणी बंद. नाल्यावर जा."

बेडकानं गळ्यापर्यंतच्या पाण्यातून खवल्याकडं बघितलं. खवल्यानं बेडकाकडं बघितलं. प्रश्न अवघड होता, पण या वेळी खवल्याला गोळा व्हायची गरज पडली नाही. बेडकानं तिथंच बुडी मारली.

खवल्यानं वहीत लिहिलं, 'गेला.'

तात्पर्य: मुलांनो, वस्तू स्वस्त असली तर तिच्यात दोष असतो, महाग असली तर ग्राहकात असतो, आणि राजाच्या तोंडावर पडला तर तो दोष नसतोच. म्हणून तक्रार लिहिण्यात काटे वाया घालवू नका. दोष कुठं आहे ते नीट बघून ठेवा, राजाला तिथं उभं करा, आणि जाता जाता पोटाची आठवण काढा. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी सरळ बेडूक व्हावं.